अर्धं नाव मी, अर्धं नाव प्रेक्षक

३ मे, शुक्रवार
अध्यक्ष श्टांगलने आज कॅन्टीनमध्ये जाहीर केलं : आपला लाउबाखचा फुटबॉल क्लब आणि शेजारच्या क्रोटेनडॉर्फ गावचा क्लब एक करायचे. कारण काय, तर आपले अकरा खेळाडू भरत नाहीत. १४ जूनला सभा, हात वर करून मतदान. मी उठून विचारलं, ज्यांच्याशी अठ्ठ्याऐंशी वर्षं भांडलो, त्यांच्याच मांडीवर जाऊन बसायचं? श्टांगल म्हणाला, "मास्तर, भांडायलासुद्धा अकरा लागतात." लोक हसले. हसू देत.
ठरलं. हे मी भाषणाने थांबवणार. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, एकतीस वर्षं मैदानावरचा माइक सांभाळतोय. या गावात माझ्या शब्दाला वजन आहे.

४ मे, शनिवार
मॅच. १-६. पण तो एक गोल! मी माइकवर खेळाडूचं नाव पुकारायचं आणि प्रेक्षकांनी आडनाव ओरडायचं, ही इथली रीत. मी म्हणालो, "मार्कूस!" उत्तर आलं, "फ्योटिंगर!" ओरडणारे मोजले. नऊ. त्यात मार्कूसची आई आणि माझी बायको रोस्विथा. पूर्वी दोनशे असायचे. रोस्विथा म्हणाली, मार्कूसच्या आईचा घसा बसलाय, आठच धर.
आठ तर आठ. इतिहास मूठभर लोकच घडवतात.

१९ मे, रविवार
भाषण सोळा पानांवर गेलं. संस्थापक, युद्धात गेलेले तीन खेळाडू, चौऱ्याहत्तरचा कप. रोस्विथाला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर ती उठून बटाटे सोलायला गेली. भावना अनावर झाल्या असणार.

२६ मे, रविवार
घरोघर प्रचार. कॅन्टीनवाली ट्राउडल म्हणाली, "मी तुमच्याच बाजूची हो मास्तर. पण क्रोटेनडॉर्फवाले आले की सॉसेज किती खपतात!" एक मत पक्कं. गोलकीपरचा गुडघा सुजलाय. तो म्हणाला, "भाषण छानच असेल, पण दुसरा गोलकीपर मिळाला तर मला एक शनिवार बसता येईल." अर्धं मत धरायला हरकत नाही. एकूण साडेतेवीस. सभेला पन्नासेक येतील. म्हणजे बहुमत हाताशी आहे.

८ जून, शनिवार
शेवटची मॅच. आमचे नऊच आले. ०-११. पुकारायला नाव नव्हतं. एकदाच बोललो : दारात लावलेली निळी गाडी कृपया हलवावी. आवाज मात्र काय लागला होता!
घरी येऊन सतरावं पान लिहिलं.

१५ जून, शनिवार, सकाळी
काल सभा झाली.
अडतीस मिनिटं बोललो. कोणी जागचं हललं नाही. "क्लब म्हणजे अकरा माणसं नव्हेत, क्लब म्हणजे ती अकरा माणसं ज्यांच्यासाठी खेळतात ते गाव!" इथे टाळ्या. ट्राउडलने डोळे पुसले.
मग श्टांगल म्हणाला, "मास्तर, माइक तुमच्याकडेच राहू द्या. निकाल तुमच्याशिवाय कोण सांगणार?" बरोबरच आहे. या गावात स्कोअर मीच सांगतो. हात वर होत होते तेव्हा मी चष्मा शोधत होतो. चिठ्ठी आली. उभं राहून, प्रत्येक शब्द सुटा करून वाचली : बाजूने सत्तेचाळीस, विरोधात शून्य.
पुन्हा टाळ्या.
खाली बसल्यावर लक्षात आलं, की माझा हात वर झालाच नव्हता.
वाटेत रोस्विथाने विचारलं, तू का नाही दिलंस मत? एका हातात माइक, दुसऱ्यात चिठ्ठी, असं सांगितलं. ती म्हणाली, "मी बाजूने दिलं. तुला आधीच सांगणार होते, पण तू सोळाव्या पानावर होतास."
बरं, म्हणालो.

२ जुलै, मंगळवार
माइक सोडतोय. तत्त्वाचा प्रश्न आहे. राजीनाम्याचं पत्र लिहिलं. तीनच ओळी.

१९ जुलै, शुक्रवार
पत्र कोटाच्या खिशात आहे. उकाड्यामुळे कोट घालत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार
नव्या क्लबची पहिली मॅच, आपल्याच मैदानावर. जाणार नव्हतो. लाउडस्पीकरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून गेलो. श्टांगलने खेळाडूंची यादी हातात दिली. चष्मा घरी राहिला होता.
त्रेसष्टाव्या मिनिटाला गोल. क्रोटेनडॉर्फच्या पोराने मारला. कोणीतरी खिडकीतून नाव सांगितलं. मी म्हणालो, "फाबियान!"
आडनाव मला माहीत नव्हतं.
उत्तर आलं. दोनशेच्या वर असतील. लोखंडी छप्पर थरथरलं. पहिल्या रांगेत रोस्विथा दोन्ही हात वर करून ओरडत होती. तिला आडनाव माहीत होतं.
१-० जिंकलो. स्कोअर सांगितला. खोलीला कुलूप लावलं.
घरी बटाटे होते. जेवलो.