करारातलं नववं कलम

३ जून, सकाळी ११
मुलींच्या वसतिगृहाला जेवण पुरवण्याचं काम आपल्याच मेसला. वसतिगृहाच्या राजश्रीताईंनी स्वतः फोन करून सांगितलं. एकशे वीस मुली. करार मी लिहायचा. लता म्हणाली, अहो, माझी विद्यार्थिनी ज्योत्स्ना नांदेडला वकील आहे, तिला दाखवा. वकील कशाला? बावीस वर्षं मेस चालवतोय. निश्चय: लातुरातला सर्वांत कडक करार लिहायचा.

५ जून
मेहुण्याच्या मंडपाच्या कराराची कॉपी मिळाली. ‘गाद्या’ काढून ‘भाकरी’ टाकलं. ‘माल मोजून परत करणे’ हे चौथं कलम तसंच राहिलं. चालतंय, डब्यांना लागू पडेल.

६ जून
राजश्रीताईंची एकच अट: भाकरी आमच्या शिवकांताच्याच हातची हवी. लगेच नववं कलम टाकलं. तिची भाकरी नसेल तर करार रद्द. ताई खूश. सह्या झाल्या.

लताने विचारलं, शिवकांताशी काही लिहून घेतलंय का? हसू आलं. चौदा वर्षं चुलीपुढे आहे. घरच्या माणसाशी कुणी करार करतं का?

१० जून
शिवकांताला कलम वाचून दाखवलं, अभिमान वाटावा म्हणून. म्हणाली, “मालक, माझ्या नावानं लिहिलं अन् मलाच इचारलं न्हाई? माझी सुट्टी कुठं हाय यात?” भोळी आहे.

१२ जून, सकाळी ७
शिवकांता निलंग्याला भावाकडे गेली. फोनवर कधी येणार विचारलं, तर म्हणे, “माझा कागद झाल्यावर.” हरकत नाही. भाकरी मीच करतो. त्यात काय आहे?

दुपारी १
एकतीस झाल्या. पाठवल्या.

दुपारी २
राजश्रीताईंनी चौथ्या कलमानुसार मोजून परत पाठवल्या. एकतीसच्या एकतीस. नवव्या कलमासाठी दोन दिवस थांबते म्हणाल्या.

१४ जून
शिवकांता आली. हातात ज्योत्स्नाने लिहिलेला मसुदा. लतानेच नंबर दिला होता. शिवकांता आता भागीदार. सोमवारी सुट्टी, त्या दिवशी मुलींना खिचडी, राजश्रीताईंना मान्य. मी विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही. लसूण सोलण्यापुरती परवानगी.

नीट वाचला. मला सुचलं नसतं असं एकही कलम नाही. सही केली. लता साक्षीदार.

उद्या सकाळी सहाला बोलावलंय. पाच किलो लसूण आहे.