दोष भुऱ्याचा नव्हता

ठमे,

तू कामावरून येशील तेव्हा मी घरी नसेन. भुऱ्याला आणायला काकाकडे निघालोय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

माझा खोकला आणि धाप कुत्र्याच्या केसांमुळे नव्हती, लाकडाच्या भुशामुळे आहे. तीस वर्षं रंधा मारला तेव्हा साधी शिंक आली नाही, आणि आता पन्नाशीत तेच लाकूड अंगावर उठलंय. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी कुठल्याही वयात उपटते. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, भुशापासून लांबच राहायचं. वर्कशॉपला कुलूप लावलंय. कामाचे कपडे बाहेर पोत्यात बांधलेत, ते घरात आणू नकोस. तोंडात मारायचा पंप माझ्या खिशात आहे, त्याची काळजी नको.

आता खरं सांगतो. रिपोर्ट परवा आला असं तुला म्हणालो, ते खोटं. भुऱ्याला पाठवलं त्याच्या आदल्या आठवड्यातच तो आला होता. तू त्याचा पट्टा हातात घेऊन दारात रडत होतीस, तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता. कुत्रं गेलं की बरं वाटेल, असं मीच सगळ्यांना सांगत राहिलो. रंधा सोडवत नव्हता, दुसरं काय.

काका म्हणतो, भुऱ्या फाटकापाशी पडून असतो, खात नाही. माझ्या हाकेला तो उठेल असं वाटत नाही. म्हणून तुझा जुना स्वेटर न विचारता नेतोय.

बाबा