सरकारला रुळवण्याचे बारा दिवस

सोमवार, ता. ३. सकाळी ११
आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. पाळणाघराचं दार उघडलं आणि समोर ती. कडेवर एक मूल, पायाला लोंबकळणारं दुसरं, केसांत खोचलेली पेन्सिल. म्हणाली, चपला बाहेर, हात धुवा, मगच आत. माझ्यावर असा हुकूम आजवर फक्त आईने सोडलाय.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. ताईची बाळंतपणाची रजा संपतेय. सतरा तारखेला ती लॅबमध्ये रुजू झाली नाही, तर तिच्या जागी आलेला बदली माणूस कायम होणार. तिची ड्यूटी सकाळी सातची, भाऊजींची त्याहून आधीची, आई अजून नोकरीत. घरात रिकामा मीच. (रिकामा हा ताईचा शब्द. मी कॉलेज तत्त्वासाठी सोडलंय. हजेरीवरून सरांशी वाजलं, रजिस्टर टेबलावर आपटलं, निघालो.) म्हणून सात महिन्यांच्या भाचीला रोज सोडायचं काम माझं. तिला आम्ही सरकार म्हणतो. घरात चालतं तिचंच.

पाळणाघराचा नियम असा, की जो रोज सोडणार त्यानेच मुलाला रुळवायचं. पहिल्या दिवशी सोबत बसायचं. मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं वाढवत न्यायचं. जाताना मुलाला तोंडावर सांगायचं, टाटा करायचा, दार लावायचं. परत फिरायचं नाही, डोकावायचं तर मुळीच नाही.

सोपं आहे. चार दिवसांत उरकतो.

दुपारी १
पण चार दिवसांत उरकलं, तर पाचव्या दिवशी आत बसायला कसं मिळणार?

मंगळवार, ता. ४
शर्टला इस्त्री केली. शर्ट जळाला. दुसऱ्याला केली.
तिने विचारलं, सरकार दुपारी किती झोपते? मी म्हणालो, साधारण आठ तास. ती हसली. पहिली खूण!
मग दहा मिनिटं बाहेर. डोकावलो नाही. खिडकीच्या काचेला फक्त नाक लावलं. सरकारने पाहिलं आणि भोकाड पसरलं. धावत आत गेलो. एकूण वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंद. पोरगी मामाशिवाय जगूच शकत नाही.
ती म्हणाली, खिडकीत उभे राहू नका. बाहेर ऊन होतं. काळजी करते माझी.

बुधवार, ता. ५
आज छत्री आत विसरलो. मग किल्ली. मग रुमाल. तिन्ही वेळा सरकार माझ्याकडे झेपावली, तिन्ही वेळा निघताना रडली. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, दादा, आता काय राहिलं?
दादा चारचौघांत म्हणावंच लागतं. तिथे सगळे बघत असतात. (सगळे दोन वर्षांच्या आतले, पण बघत असतात.)

गुरुवार, ता. ६
संकल्प: आजपासून रागावर पूर्ण ताबा.
एक बाप पोराला सोडायला आला. ती त्याच्याशी दीड मिनिट हसून बोलली. शिवाय त्याने बूट माझ्या चपलांवर ठेवले. मी अत्यंत शांतपणे ते उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवले. शब्दाने शब्द वाढला. आत नऊ मुलांनी एका सुरात गळा काढला. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे भांडायला नि चावायला परवानगी आहे, पण वयाची अट आहे.
संकल्प उद्यापासून.

शनिवार, ता. ८
काल सरकार चार मिनिटं राहिली. उच्चांक.
ताईने विचारलं, कसं चाललंय? म्हणालो, झकास. भाऊजी म्हणाले, जेवताना त्या मावशीचं नाव अकरा वेळा काढलंस. मुलं तिला मावशी म्हणतात, तुला मामा म्हणणार. मग तुमचं दोघांचं आपसात नातं काय झालं, जरा बोटांवर मोजून सांग बरं. ताई हसता हसता लोळली.
या घरात नाजूक भावनांना जागा नाही.

सोमवार, ता. १०
मोठ्या बाईंचा ताईला फोन. आठवडा झाला, मूल एकदाही अर्धा तास राहिलं नाही. शुक्रवारी दोन तास राहिलं तर ठीक, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.
ताईने इस्त्री करून ठेवलेला पांढरा कोट हँगरवरून काढला, घडी घातली, कपाटात अगदी खाली ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.
मी उसळलो. म्हणालो, पाळणाघर हवंय कुणाला? मी सांभाळतो घरी! ताई म्हणाली, तू? भाऊजी म्हणाले, आणि तुला कोण सांभाळेल?
चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक केलं. उद्या दाखवतोच.

मंगळवार, ता. ११
९.०० घर रिकामं. सरकार प्रसन्न. मी सज्ज.
९.२० दूध. निम्मं तिच्या पोटात, निम्मं माझ्या बाहीत.
९.४५ लंगोट बदलला. उलटा.
९.५० सुलटा करायला गेलो. उशीर झाला होता.
१०.३० झोपेची वेळ. गाणं म्हटलं, रडली. थांबलो, गप्प झाली. पोरीला कान आहे.
११.१० झोपली, माझ्या छातीवर. हलता येत नाही. नाकाला खाज.
११.३० हे एका हाताने लिहितोय. तिकडे ती अशी नऊ सांभाळते. कशी, कोण जाणे.
१२.०५ ताई आली तेव्हा सतरंजीवर मी झोपलेलो आणि सरकार टेबलाखाली ही वही चघळत होती. म्हणून मागची तीन पानं गेली.
घरी सांभाळण्याचा प्रस्ताव मी मोठ्या मनाने मागे घेतला आहे.

बुधवार, ता. १२
वही वाळत घातली होती. सरकारला ताई घेऊन गेली.

गुरुवार, ता. १३
आज बोलूनच टाकलं. म्हणालो, मी इथे फक्त सरकारसाठी येत नाही. ती एका पोराचं नाक पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. पण मला नऊ मुलं पुरतात, दहावं नको. आणि एक सांगू? सरकार इथे रडत नाही. काल तुमची बहीण सोडून गेली, तर बाईसाहेब चाळीस मिनिटं डबे बडवत बसल्या होत्या. तुम्ही काचेला नाक लावलंत की रडते.
याचा अर्थ नकार असा नाही. तिला सध्या कामाचा ताण आहे.

संध्याकाळी ७
ताईला म्हणालो, उद्या तूच सोड, तुझ्याकडून राहते. ताई म्हणाली, उद्या मी सोडेन रे. सोमवारी सकाळी सातला मी सुया टोचत असेन, तेव्हा कोण सोडेल? तुझ्याकडून राहिली तरच मला सोमवार आहे.
मग हळूच विचारलं, जमेल ना तुला?
म्हणालो, हसत हसत. ताईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

शुक्रवार, ता. १४. सकाळी ९.४०. कोपऱ्यावरचा बाक. इथून खिडकी दिसत नाही.
सरकारला चटईवर ठेवलं. समोर बसून सांगितलं, मामा जातोय, साडेअकराला येतो. तिने माझं नाक मुठीत धरून पाहिलं, सोडून दिलं आणि लाकडी चमच्याकडे वळली. माझ्यापेक्षा चमचा!
दाराशी पोहोचलो. वळून पाहायचं नसतं, मी पाहिलं. खोलीच्या त्या टोकाहून ती, केसांत पेन्सिल खोचलेली, हात हलवत होती. मला बोलावत होती! एक पाऊल परत आत टाकलंसुद्धा.
मग नीट पाहिलं. हात तिच्याकडे येत नव्हता, दाराकडे जात होता. जा. जा ना.
सरकार पाठमोरी, चमचा आपटत होती. आणखी एक पाऊल वाजलं असतं तर तिने मान वळवली असती आणि ताईचा सोमवार गेला असता. रडू आलंच होतं, पण ते तिला नव्हे. नाक वर ओढलं, तेही आवाज न करता.
पाऊल मागे घेतलं, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.