बी विंगमागचं हिरवं अंगण

२९ एप्रिल

नाहीच ना, मी तेच म्हणत होते — प्रॉब्लेम गवताचा नाहीये, मातीचा आहे. बी विंगच्या मागे नुसती चिकणमाती. पाणी खाली जातच नाही. पाऊस थांबला तरी आठ-आठ दिवस पचपच. लॉन दोनदा लावलं, दोनदा सडलं. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. वरची माती काढायची, उतार द्यायचा, खडी पसरायची, वर आर्टिफिशियल टर्फ. पाणी टर्फच्या भोकांतून खाली, खडीतून गटारात. सिम्पल.

सेक्रेटरी सुबोधकाका म्हणाले, "ऋतिका, तू कोर्स केलास तो कुंड्यांचा ना?" सगळे हसले.

मग ग्राउंड फ्लोअरचे मधुकरकाका उठले, काठी टेकत. गेल्या पावसात त्याच चिखलात घसरून त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून गेटबाहेर नाहीत. घरातल्या घरात येरझाऱ्या.

"करूंदे तेका," म्हणाले. "माका चालूक जागा तरी होतली."

पास झालं. त्यांच्यामुळे.

२० मे

खडीची गाडी अडकलीये. पंधरा दिवस तरी नाही म्हणतात. तोपर्यंत पाऊस येईल आणि वाट लागेल. ए विंगमध्ये एकांचं रिनोव्हेशन चाललंय, त्यांचं डेब्रिज गेटजवळ पडून आहे — तुटक्या विटा, टाइल्स, प्लास्टर. मी म्हटलं, हेच पसरू. खडी काय, हे काय, शेवटी दगडच ना.

टर्फवाला हर्षद मान खाजवत राहिला. "ताई, प्लास्टर भिजलं की घट्ट बसतं. पाणी सोडत नाही. आणि विटांच्या पोकळीत उंदीर घर करतात."

"वर टर्फ आहे ना. येतील कुठून?"

"तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणाले तसं केलं त्याने.

१ जून

झकास दिसतंय. अख्ख्या मुलुंडमध्ये असं अंगण कोणाकडे नसेल! टर्फ मळू नये म्हणून मी बोर्ड पण लावला — 'चपला बाहेर काढा'. वाटलं होतं कोणी ऐकणार नाही. पण देवळात आल्यासारखे सगळे गुपचूप काढतात.

मधुकरकाका सकाळी बावीस फेऱ्या घालतात, अनवाणी. त्यांच्या जयंतीकाकू घराच्या खिडकीतून मोजतात.

"आज एकवीसच झाल्यो."

"तू मोजूक चुकलंस."

काठी आता नुसती हातात असते. टेकत नाहीत.

८ जुलै

एका कोपऱ्यात पाणी थांबतंय. पाय दाबला की खालून मळकं पाणी वर येतं. वास पण. हर्षदला फोन केला. "सांगितलेलं ना ताई." पाऊस संपला की उकलून बघू म्हणाला.

कोणाला बोलले नाही.

२२ जुलै

भिंतीच्या कडेला टर्फ कुरतडलंय. मुठीएवढं भोक. मी त्यावर कुंडी ठेवत होते तर मागे काका उभे.

"कुंडी कित्याक गो?"

"शोसाठी."

"बरा."

४ ऑगस्ट, सोमवार

पहाटेपासून कोसळतोय. टर्फवर घोट्याएवढं पाणी, त्यात तो वास. काका तरीही आले. काठावर चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि पाण्यातून चालायला लागले. मी गॅलरीतून हाक मारणार होते — आज नको, काका. मग त्यांनी विचारलं असतं, का गो?

नाही मारली.

१४ ऑगस्ट

काकांना तीन दिवस ताप. डोळे लालभडक, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत. आज ॲडमिट केलं. लेप्टो. उंदराची लघवी पाण्यात मिसळते आणि पायाला कुठे जखम असली, टाचांना भेगा असल्या, की तिथून आत जातं. इंग्लिशमध्ये वाचलं, मराठीत वाचलं. दोन्हीकडे सेम.

काकांच्या टाचा मी बघितल्यात.

१६ ऑगस्ट

किडनी काम करत नाहीये. डायलिसिस.

आज आरोग्य खात्याची बाई चौकशीला आली. "पाण्यातून कुठे गेले होते का?" जयंतीकाकू म्हणाल्या, "ह्यांनीच डॉक्टरला सांगितलं, त्या मोठ्या पावसाच्या सोमवारी मार्केटला गेलो होतो म्हणून. तिथे गुडघाभर पाणी होतं." बाईने लिहून घेतलं. मग मागे डोकावली. म्हणाली, "तुमच्याकडे किती स्वच्छ आहे हो." सुबोधकाकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं काम."

मी कुंडीला टेकून उभी होते. बहुतेक हसले पण.

गेले असतील मार्केटला. पाय सुधारले होते ना त्यांचे. टर्फवर चालूनच सुधारले होते.

१९ ऑगस्ट

मधुकरकाका गेले.

२२ ऑगस्ट

सोसायटीच्या ग्रुपवर सुबोधकाकांचा मेसेज — पुढच्या गार्डनलाही टर्फ टाकूया, लहान मुलांना खेळायला बरं. देखरेख ऋतिका करेल. खाली अंगठेच अंगठे. आईचा पण.

मी काही टाकलं नाही. हो पण नाही, नाही पण नाही. मागे तिसऱ्या मजल्यावरची दोन पोरं खेळत होती. चपला काठावर. त्यांना म्हटलं, घरी जा, आई बोलावतेय. खोटंच.

२४ ऑगस्ट

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आज डबा घेऊन मी गेले. जयंतीकाकूंनी मला आत घेतलं आणि दार लोटलं.

"त्या सोमवारी हे मार्केटात खंय गेले नाय गो. गेटापर्यंत सुद्धा नाय. डॉक्टर भायेर गेलो तसे माका म्हणाले, चेडवाचा नाव घेव नको." चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी.

मग डबा हातातून घेतला. झाकण उघडून बघितलं. "भाजी कसली हा?"

त्यांनी मला हे का सांगितलं? मी गप्प राहावं म्हणून, की मी तरी आता बोलावं म्हणून?