हिच्या हाताची गाय

३ मार्च, सोमवार
काल गोठ्यात घसरून हिचं मनगट मोडलं. आज ऑपरेशन. आठवडाभर शहरात मेहुणीकडे राहणार. खाटेवरून बजावलं, धार शेजारच्या वहिनींना काढू द्या. हो म्हटलं. पण गाय एकच, घर तिच्यावर चालतं. ती परक्या हाती कशाला? डेअरीचा मालक मी. गवत, शेण, धार ही नुसती मेहनत, ती हिच्याकडे. प्लॅनिंग माझं.

४ मार्च, सकाळ
धार: पाव लिटर. (ही सहा काढते.) गाय नव्या मॅनेजमेंटला रुळते आहे.
हिचा फोन. किती दिलं? म्हटलं, सहा.

४ मार्च, संध्याकाळ
लाथ. बादली चेपली. गुडघाही.

५ मार्च
गाय पान्हा चोरते. म्हणजे दूध कासेतच आहे. नुकसान नाही, स्टॉक आहे.
फोनवर: सहा.

६ मार्च
आयडिया! हिचा जुना गाऊन घालून धारेला बसलो. गायीने मान वळवली, गाऊन हुंगला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. इतकं स्पष्ट मला आजवर कुणी बघितलेलं नाही. कुंपणापलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी येऊ का?" म्हटलं, ट्रायल चालू आहे.

७ मार्च
कास टणक, गरम. साठा चांगला होतोय.

८ मार्च, शनिवार
दुधात गाठी. गाय चाऱ्याला तोंड लावत नाही, पाय फाकवून उभी. वहिनींनी परस्पर गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. दगडी झाली म्हणाले, म्हणजे कास सुजून पिकली. कास चार दिवस तुंबू दिली? शेजारी हाक मारायला काय झालं होतं? मी प्लॅनिंग समजावायला लागलो. त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलं.
फोनवर: सहा. आवाज बसलाय का, असं हिने विचारलं.

१० मार्च
आता धार वहिनी काढतात. मी गायीच्या तोंडाशी उभा राहतो. ती दुसरीकडे बघते. मागचे दोन सड गेले, त्यांतून आता दूध येणार नाही, डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेताला वासरू झालं तरी भरवसा नाही. विचारलं, एखादं टॉनिक? बॅग बंद करून निघाले.

११ मार्च
ही आली. हात गळ्यात बांधलेला. घरात न शिरता थेट गोठ्यात. आवाज ऐकूनच गाय हंबरली. डाव्या हाताने धार काढायला बसली, मला म्हणाली, बादली धरा. पुढचे दोन सड झाले. हात मागे गेला. दाबलं. पुन्हा दाबलं. हात तिथेच राहिला.
"कधीपासून?"
"शनिवारपासून."
मी फोनवरच्या सहा लिटरचं सांगायला लागलो.
"बादली सरळ धरा," म्हणाली. "आहे तेही सांडतंय."