रविवारची गोळी

संघप्रियाच्या आईस,
सप्रेम जयभीम.

तुला जाऊन दहा महिने झाले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, पण दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही.

आपल्या पोरीलाही तुझाच संधिवात निघाला. सकाळी तिची मूठ वळत नव्हती. नवघरच्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं आणि तुझीच ती आठवड्याची गोळी सुरू झाली, दर रविवारी एक. चार महिन्यांत सूज उतरली, तशी तिने गोळी बंद केली.

आज मी चहासोबत गोळी ठेवली, तर हसली. "पप्पा, आता एकदम मस्त वाटतंय. कशाला उगाच?"

"डॉक्टर म्हणाले ना, आजार गेला नाही, दाबून ठेवलाय. आईची बोटं बघितलीस ना?"

"आईने दुखत असताना कंटाळून सोडली. मला तर दुखतच नाही."

तुलाही तेव्हा दुखत नव्हतं. "बरं वाटतंय ना, मग बस झालं," म्हणत पाकीट मीच फेकून दिलं होतं. वर्षभराने परत सुरू केली, पण वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत. पोरीने विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मीच कंटाळले गं."

खरं कळलं तर ती गोळी घेईल. मी दोनदा तोंड उघडलं.

"काय, पप्पा?"

"काही नाही."

ती पिशवी घेऊन बाजारात गेली. तू शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाहीस. आता मलाही ते घेता येत नाही.

खंडू