दादाचा कॉम्प्युटर द्यायचा नाही

बाबा,

अकराला भंगारवाला येईल, त्याला परत पाठवा. प्रिंटर घेऊन जा म्हणावं, हवं तर माझी मोडकी खुर्चीही ने. दादाचा कॉम्प्युटर द्यायचा नाही.

काल दुपारी मी तो उघडला. असला जुना बोर्ड नव्या वेगवान डिस्कवरून सुरू होत नाही, कारण त्याच्या बायोसला, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रामला, ती ओळखताच येत नाही. बायोसमध्ये ती ओळखणारा एक छोटा ड्रायव्हर घालावा लागतो, आणि चुकलं तर बोर्ड कायमचा जातो. दादा हेच करायला बसला होता. त्या रविवारी तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "कशाला त्या डबड्यात जीव घालतोस? तुझ्याच्यानं तेवढंही व्हायचं नाही." मीही फिदीफिदी हसले होते.

चिपला क्लिप लावून मी बायोस वाचला, तर ड्रायव्हर आधीच आत होता. तारीख त्याच रविवारची. मंगळवारी तो अपघातात गेला. मधला सोमवार आपण तिघं एकमेकांशी बोललो नाही, आणि नंतर तो कॉम्प्युटर कुणी चालूच केला नाही.

त्याच्या खणातली नवी डिस्क मी फक्त बसवली. नऊ सेकंदांत सुरू झाला. सुरू होताना कंपनीचं चिन्ह येतं तिथे त्यानं स्वतःच्या अक्षरातली एक ओळ टाकून ठेवलीय: "बाबा, झालं की नाही?"

मी कामावर जातेय. बटण जरा जोरात दाबावं लागतं. त्यानं तुम्हाला विचारलंय, त्यामुळे उत्तर मी देणार नाही.

धाकटी